‘जीनफोर्ज’ : एक उपेक्षित खेळ

संगणकावरील खेळाचें परीक्षण या पृष्ठांवर पाहून आमचे कांहीं जुने वाचक भुंवया चढवितील, हें आम्ही जाणून आहों. कादंबरी, नाटक, काव्य, फार तर बोलपट, येथपर्यंत टीकाकाराची हद्द. त्यापलीकडचा प्रदेश मुलांचा, अशी समजूत आपल्या घरांतून अद्याप दृढ आहे. आमचीहि ती होती. परंतु एके काळीं कादंबरी वाचणें हेंच मुलगा बिघडल्याचें लक्षण मानीत, आणि नाटकाला जाऊन आलेल्या मुलाला घरीं काय काय ऐकावें लागे तें आमच्या आजोबांच्या पिढीनें सांगून ठेविलेलें आहे. तेव्हां एखादा प्रकार घरांतील पोरांना आवडतो एवढ्याच कारणानें त्याच्याकडे पाठ फिरवावी हें बरें नव्हे, इतकें मान्य करून वाचकांनीं पुढील मजकूर पाहावा. न रुचल्यास पुढल्या महिन्यांत आम्ही पुन्हां कवितासंग्रहांकडे वळणारच आहों.

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक भाचा आठ दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. जातांना आपला जुना संगणक तो आमच्यापाशीं ठेवून गेला व म्हणाला, “मामा, यांत एक खेळ आहे. चित्रांकडे पाहूं नका, तुम्ही आपले वाचा.” खेळ उघडल्यावर या सल्ल्याचा अर्थ आमच्या ध्यानांत आला. तिरक्या कोनांतून दिसणारी जमीन, फिरून फिरून तींच झुडपें, त्याच भिंती, अंगठ्याच्या नखाएवढीं माणसें. संगीत म्हणावें तर आरंभीं थोडेंसें. पुढें वारा आणि पांखरें यांवरच भागवावें लागतें. दहा मिनिटांत आम्हीं तो बंद केला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पावसानें बाहेर पडूं दिलें नाहीं म्हणून पुन्हां उघडला, आणि त्या रात्रीं आमचें ताट दोनदां झांकून ठेवावें लागलें. पुढें सवलतीचे दिवस पाहून आम्हीं त्याचे पांचहि भाग स्वतः विकत घेतले. त्यास साध्या खाणावळींतील दोन थाळ्यांहून अधिक पैसे पडले नाहींत.

या खेळाचें नांव ‘जीनफोर्ज’. जीव घडविण्याची भट्टी, असा त्याचा अर्थ करतां येईल. कर्ता जेफ व्होगेल हा अमेरिकेंतील सिएटल शहरचा. गणिताचें उच्च शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यानें १९९४ सालीं ‘स्पायडरवेब सॉफ्टवेअर’ नांवाची चिमुकली संस्था काढली, आणि १९९५ त आपला पहिला खेळ ‘एक्झाइल’ बाहेर आणला. ‘जीनफोर्ज’ २००१ सालचा. मोठमोठ्या संस्था एकेका खेळावर शेंकडों माणसें राबवितात. येथें मजकूर, रचना आणि संगणकाच्या आज्ञा हीं बहुतेक एकाच माणसाचीं कामें. मोठा प्रकाशक नाहीं, दुकानांत मांडलेली रंगीत पेटी नाहीं. आरंभींचा मोठा भाग फुकट खेळावयास द्यावा, ठराविक प्रदेशापुढें वाट अडवावी, आणि ज्याला पुढें काय होतें याची तळमळ लागेल त्यानें पैसे पाठवून उरलेली वाट मोकळी करून घ्यावी, ही त्याची विक्रीची रीत. आम्हांला ही रीत मुळींच परकी वाटली नाहीं. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणुकी’च्या अंकांतून तुकड्यातुकड्यांनीं येत, आणि पुढल्या अंकाची वाट पाहणें हाच तेथेंहि वाचक आणि लेखक यांच्यामधला व्यवहार होता. ज्याला गोष्टीच्या बळावरच पोट भरावयाचें आहे, त्याला गोष्ट सैल सोडून चालत नाहीं.

अशा खेळास भूमिकेचा खेळ म्हणतात. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनीं अमेरिकेंत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ प्रसिद्ध केला, त्याच्या वंशांतला हा. चारपांच जणांनीं टेबलाभोंवतीं बसावें, एकानें गोष्ट सांगावी, बाकीच्यांनीं तींतलें एकेक पात्र व्हावें, आणि पुढें काय घडेल हें सांगतां येत नाहीं तेथें फांसे टाकावे, असें त्याचें स्वरूप. संगणकानें गोष्ट सांगणारा आणि फांसे या दोघांचीहि जागा घेतली. आमच्या टीकाशास्त्राच्या दृष्टीनें यांत एक मौजेची गोष्ट आहे. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षपदावरून बोलतांना न. चिं. केळकरांनीं वाङ्मयानंदाची उपपत्ति ‘सविकल्प समाधि’ या शब्दांनीं मांडली. वाचक परक्याच्या भूमिकेंत शिरतो, परंतु आपलें मीपण सोडीत नाहीं. दोन्ही एकदम अनुभवितो, आणि आनंद त्यांत आहे, असें त्यांचें म्हणणें. त्या उपपत्तीवर पुढें जे वाद झाले ते येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, कादंबरीच्या वाचकाला या समाधींत एक सोय असते : नायकाच्या हातून घडलेलें पाप नायकाचें असतें. खुर्चींत बसलेल्या वाचकाच्या हाताला डाग लागत नाहीं. भूमिकेच्या खेळांत ही सोय नाहीं. पात्राचा हात आपण हलविल्यावांचून हालत नाहीं. म्हणून केलेलें कृत्य कोणाचें, हा प्रश्न तेथें आपल्याच दारांत येऊन बसतो. बहुतेक खेळ या प्रश्नाला धक्के मारून हांकून देतात. राक्षस दुष्ट, आपण सुष्ट, मग चिंता कसली? ‘जीनफोर्ज’नें त्याला आंत घेतलें, हा त्याचा विशेष.

कथा अशी आहे. एका काल्पनिक जगांत शेपर, म्हणजे घडविणारे, या नांवाचा एक विद्यासंपन्न वर्ग राज्य करतो. जीव निर्माण करण्याची विद्या फक्त त्यांच्यापाशीं. ओझीं वाहावयास जीव, लढावयास जीव, शेतांत राबावयास जीव. सारें कांहीं ते घडवितात, आणि घडविलेला जीव आपली मालमत्ता होय याविषयीं त्यांच्या मनांत शंका नाहीं. आपण त्यांच्यापैकींच एक तरुण उमेदवार. शिक्षणासाठीं समुद्रमार्गानें जात असतां एका अनोळखी जहाजाचा हल्ला होतो आणि आपण सुसिया नांवाच्या बेटावर येऊन पडतों. (या नांवाचें एक खरेंच बेट वॉशिंग्टन संस्थानाच्या किनाऱ्यापाशीं, सॅन हुआन द्वीपसमूहांत आहे, कर्त्यानें तें आपल्या शेजारांतूनच उचललें, हें उघड आहे.) हें बेट शेपरांनीं दोनशें वर्षांपूर्वीं एकाएकीं सोडून दिलें आणि तेथें कोणीहि जाऊं नये अशी बंदी घातली. जातांना त्यांनीं आपले चाकर बरोबर नेले नाहींत.

हे चाकर म्हणजे सर्व्हाइल. माणसासारखे, परंतु माणूस नव्हत. राबण्यासाठीं घडविलेले, आणि हुकूम कळावा इतकी बुद्धि दिलेले. धनी निघून गेल्यावर ते मेले नाहींत. त्यांनीं शेतें केलीं, गांवें वसविलीं, मुलांना वाढविलें. दोनशें वर्षें कोणी हुकूम दिला नाहीं. आणि आज अचानक समुद्रांतून एक शेपर, म्हणजे आपण, चालत वर येतों.

आमच्या घरांतून एक गोष्ट सांगतात. त्रिशंकूच्या वेळीं विश्वामित्रानें प्रतिसृष्टि करावयास घेतली. माणूस घडवितां घडवितां देवांनीं येऊन त्याला थांबविलें, तेव्हां डोकें तेवढें तयार झालें होतें, तें नारळ होऊन झाडावर लटकत राहिलें. लहानपणीं आम्ही सोललेल्या नारळाचे तीन डोळे पाहून त्या गोष्टीला हंसत असूं. अर्धवट सोडलेल्या त्या डोक्याला काय वाटलें असेल, हें मात्र कोणी विचारलें नाहीं, आणि विश्वामित्रालाहि कोणी जाब विचारला नाहीं. व्होगेलनें नेमका तोच प्रश्न उचलला आहे. विषय अगदीं नवा आहे असें नव्हे. मेरी शेलेनें १८१८ त ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्यें घडविणारा आणि घडविलेला यांना समोरासमोर उभें केलें, कारेल चापेकनें १९२० त ‘आर. यू. आर.’ या नाटकांत कारखान्यांत तयार झालेल्या मजुरांचें बंड दाखविलें, आणि रोबो हा शब्द तेथूनच जगाला मिळाला. परंतु शेलेचा जीव एकटा आहे, आणि चापेकचे मजूर बंड करतांना एकजुटीनें उठतात. व्होगेलला या दोहोंहून निराळें सुचलें. धनी निघून गेल्यावर चाकरांचें आपसांत काय होईल?

त्यांचें एकमत होणार नाहीं, हें त्यानें ओळखलें. बेटावर सर्व्हाइलांचे तीन पंथ आहेत. पेंटिल गांवचे आज्ञाधारक म्हणतात, शेपर आमचे कर्ते. ते परत येतील, आणि तोंवर त्यांच्या आज्ञा पाळीत राहणें हाच आमचा धर्म. वाकिरीचे जागृत म्हणतात, आम्हांलाहि मन आहे. शेपरांशीं वैर नको, परंतु यापुढें बरोबरीच्या नात्यानें बोलणें होईल. काझगचे तिसरे, त्यांना आपण हिरावणारे म्हणूं, त्यांचें मत असें कीं, बरोबरी मागून मिळत नसते. शेपरांची विद्याच हिसकावून घेतली पाहिजे. या तीनहि गांवांत आपण जाऊं शकतों, बसूं शकतों, प्रश्न विचारूं शकतों, आणि शेवटीं हवा तर एकीचा पक्ष घेऊं शकतों. मतें वाचून एखाद्या वाचकाला वाटेल कीं हीं तीन भाषणें झालीं. तसें नाहीं. मुख्य पुढाऱ्यांच्या तोंडीं युक्तिवाद आहेत खरे. पण खरा रस आहे तो बारीकसारीक माणसांत. आज्ञाधारकांच्या गांवांत आपल्यासमोर लवून उभे राहणारे लोक पाहून प्रथम मनाला बरें वाटतें, हें आम्ही कबूल करतों. खेळांत आपण फाटक्या कपड्यांनिशीं, उपाशीं, जंगलांतून आलेलों असतों. आणि येथें सगळा गांव हात जोडतो. थोड्या वेळानें लक्षांत येतें कीं हा नमस्कार आपल्याला नाहीं. दोनशें वर्षें रिकाम्या ठेवलेल्या एका खुर्चीला आहे. आपण तींत बसावें अशी त्यांची इच्छा आहे, आणि बसल्यास त्यांचे जे होईल त्याला आपण जबाबदार आहों. हिरावणाऱ्यांचा तुसडेपणा सोसणें त्या मानानें सोपें जातें.

परंतु या सर्व संवादांपेक्षां आम्हांला जी गोष्ट महत्त्वाची वाटली ती खेळाच्या मजकुरांत नसून त्याच्या हिशेबांत आहे. आपणहि शेपर, आपल्यालाहि जीव घडवितां येतात. त्यासाठीं अंगांत एक सत्त्व असतें, तें मोजकें असतें. थोडें सत्त्व खर्चून फायोरा नांवाचा आग ओकणारा लहानसा सरडा करावा, अधिक खर्चून मोठा जीव करावा. आणखी सत्त्व घातल्यास त्याची शक्ति वाढवितां येते. आणि बुद्धिहि वाढवितां येते. बुद्धि महाग आहे. मग ती घालावी कशाला? तर बुद्धि कमी असलेला जीव लढाईंत आपल्या मनानें वागतो. त्याला तूं येथें उभा राहा, याच्यावर धांव, असें सांगतां येत नाहीं. आज्ञा कळण्यापुरती अक्कल द्यावयाची तर पदरचें मोजावें लागतें. म्हणजे खेळणारा बुद्धि देतो ती जीवाचें कल्याण व्हावें म्हणून नव्हे. तो नीट ऐकावा म्हणून. आणि बेटावर आपल्याला वाद घालून निरुत्तर करणारे सर्व्हाइल आहेत कोण? कोणा एका शेपरानें असाच हिशेब करून, हुकूम कळण्यापुरती अक्कल दिलेल्यांचीं पणतवंडें.

हें आमच्या ध्यानांत आलें तेव्हां आम्हीं संगणक मिटला. कारण निराळें होतें, तें सांगितलेंच पाहिजे. आमच्या लहानपणीं घरीं कोंकणांतून आणलेला एक मुलगा कामाला होता. आमच्याहून तीनचार वर्षांनीं मोठा. वाण्याकडून आणलेल्या सामानाची यादी त्याला वाचतां यावी म्हणून आमच्या आजीनें त्याला पाटीवर अक्षरें आणि आंकडे शिकविले. आणि शेजारपाजारीं तिची त्याबद्दल वाहवाहि झाली. त्याला लवकर आलें. पुढें तो पुडीचे कागद वाचूं लागला, मग आमचीं पुस्तकें. आणि एके दिवशीं माजघरांतील वहींत स्वतःच्या नांवापुढचे आंकडे वाचून त्यानें आजीला विचारलें कीं, गांवीं पाठविले म्हणून लिहिलेले पैसे आईला इतके कां पोंचले नाहींत. त्याच आठवड्यांत त्याचा हिशेब चुकता करून त्याला बोटीवर बसवून दिलें. ‘फार शहाणा झाला होता,’ असें घरांत म्हणत. आम्ही नऊ वर्षांचे होतों. दुसरा मुलगा आला, आणि आमच्या स्मरणाप्रमाणें त्याला कोणी अक्षरें शिकविलीं नाहींत. त्या मुलाचें नांव आम्हांला आठवतें. येथें लिहीत नाहीं. साठ वर्षें तो आमच्या मनांत आला नव्हता.

खेळांत याला एक बटण आहे. नको झालेला जीव परत आपल्यांत शोषून घेतां येतो. खर्ची पडलेलें सत्त्व परत मिळतें, आणि त्यांतून दुसरा, अधिक बळकट जीव करतां येतो. पहिल्या दिवशीं केलेल्या फायोराला आम्हीं मनांतल्या मनांत तांबू असें नांव ठेविलें होतें. त्यानें आम्हांला दहाबारा वेळां वांचविलें असेल. तिसऱ्या दिवशीं मोठा जीव घडवावयाची विद्या हातीं आली आणि सत्त्व कमी पडलें, तेव्हां आम्हीं तें बटण दाबलें. तांबू नाहींसा झाला. ना शब्द, ना रक्त, ना खेळाकडून बोल. बाकी सर्व ठिकाणीं बोलघेवडा असणारा हा खेळ तेथें एक अक्षर उच्चारीत नाहीं. यानंतर तासाभरानें वाकिरीच्या एका चाकराशीं आम्ही त्याच्या हक्कांविषयीं मोठ्या सहानुभूतीनें बोलत होतों, आणि तोहि कृतज्ञतेनें ऐकत होता. कर्त्यानें हें जाणून केलें कीं सोयीसाठीं ठेविलेल्या बटणांतून तें आपोआप घडलें, याचा निर्णय करणें कठीण. आमचा कल पहिल्या पक्षाकडे आहे. कारण सबंध पांच भागांत शेपरांचें जें पाप म्हणून पुढें पुढें उघडें होत जातें तें याहून निराळें नाहीं.

याच जातीची दुसरी युक्ति कुप्यांची. बेटावर ठिकठिकाणीं जुन्या शेपरांनीं मागें ठेविलेल्या कुप्या सांपडतात. एक वापरली कीं मेहनतीवांचून नवी विद्या किंवा शक्ति अंगीं येते. त्या माणसाच्या घडणींतच फेरफार करतात. त्यांचा अतिरेक झाला कीं माणूस गर्विष्ठ व तापट होतो, आणि कथेच्या शेवटावर त्याचा परिणाम होतो. आम्हीं पहिल्या खेपेस दिसेल ती कुपी वापरली. शेवटीं आम्ही कोण झालों तें वाचतांना ओशाळवाणें झालें. शेवट एक नाहीं. कोणाचा पक्ष घेतला, भट्टी वापरली कीं मोडली, कुप्या किती घेतल्या, यांवरून तो बदलतो, आणि तो साध्या मजकुराच्या कांहीं पानांत सांगितला जातो. त्यांत कर्ता उपदेश करीत नाहीं. झालें तें सांगतो.

दोष पुष्कळ आहेत. लढाया फार, आणि मधल्या भागांत तर त्याच त्या. एकेका जुन्या इमारतीचीं दारें, सुरुंग आणि पहारेकरी ओलांडतांना कथेचा धागा हातांतून सुटतो. जीवाच्या मोलाबद्दल इतका जागरूक असलेला खेळ मारलेल्या प्रत्येक जीवागणिक खेळणाऱ्याला अनुभवाचे गुण देतो, ही विसंगति आम्हांला शेवटपर्यंत टोंचली. बोलून वाट काढण्याचें कसब वाढविल्यास कित्येक लढाया टळतात, लपून जाऊनहि टळतात, हें खरें; परंतु नवशिक्याला हें उशीरा कळतें. तिसरा दोष विचारांतला. तीन पंथांपैकीं जागृतांचा पंथ आमच्यासारख्या मध्यमवर्गीय वाचकाला पहिल्याच भेटींत पटतो, आणि त्या पटण्याची पुरेशी किंमत कर्ता वसूल करीत नाहीं. समंजस माणसांची बाजू घेणें इतकें स्वस्त नसावें. भाषा साधी, वाक्यें आखूड, क्वचित् शुष्क. परंतु नव्या जागीं पाऊल ठेवतांच चारपांच ओळींत तिचा वास, तिचा ओलावा, तेथें पूर्वीं काय चालत असे याची चाहूल देण्याची जी हातोटी आहे, ती चित्रांची उणीव बरीच भरून काढते.

हा खेळ मागें कां पडला, याचें उत्तर पहिल्या दहा मिनिटांत आहे, आणि आम्हीं स्वतः तें दिलें आहे. ज्या व्यवहारांत रूप आधीं पाहतात तेथें हा ओबडधोबड प्राणी मंडपाबाहेरच राहावयाचा. तरीहि त्याचा वाचकवर्ग लहान पण चिवट निघाला. पुढील भाग २००३, २००५, २००६ व २००८ सालीं निघाले, त्यांत बेटावरचा वाद सबंध जगाचें युद्ध होतो. आणि २०२१ त पहिल्या भागाची नवी आवृत्ति ‘म्यूटाजेन’ या नांवानें व २०२४ त दुसऱ्याची ‘इन्फेस्टेशन’ या नांवानें आली. नव्या आवृत्तींत चित्रें पुष्कळ बरीं आहेत, मजकुरांत भर आहे. आमच्या भाच्याचें मत असें कीं वाचकांनीं नवीच घ्यावी, डोळ्यांना त्रास कशाला. आमचें मत जुनी घ्यावी. ती स्वस्त आहे, आणि तिच्यांतील बुद्धीचा तो हिशेब आम्हांला आहे तसा हवा. यावर दिवाळींत तो आला तेव्हां फराळ होईपर्यंत वाद झाला. ज्याला दोन्हींपैकीं कोणतीहि घ्यावयाची असेल त्यानें खेळतांना जवळ एक वही ठेवावी. गांवांचीं आणि माणसांचीं नांवें पुष्कळ आहेत, तीं लिहून ठेवल्यावांचून ध्यानांत राहत नाहींत.